ढगातली वीज

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'ढग' या शब्दाने आम्हा माणदेशी माणसांना जितके चकवले आहे, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच चकवले असेल. आषाढात तो येतो, डोंगराआड घुटमळतो, अंगणावर दोन घटका सावली धरतो आणि थेंबही न सांडता पुढे निघून जातो. त्यामुळे 'फोटो क्लाउडवर ठेवलेत', 'नोट्स क्लाउडवर आहेत' अशी भाषा वर्गात प्रथम कानावर आली तेव्हा मला हसूच आले. आता आमच्या नोट्ससुद्धा ढगाच्या भरवशावर!

परंतु हा ढग आकाशातला नव्हे. त्याला पत्ता आहे, कुंपण आहे, दारावर पहारा आहे आणि दरमहा येणारे विजेचे बिल आहे. आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो, गाणे लावतो, व्याख्यान ऐकतो, तेव्हा ती मागणी कुठल्या तरी इमारतीत कपाटांतून रचून ठेवलेल्या यंत्रांपर्यंत जाते आणि तिथून उत्तर येते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या देशातल्या अशा इमारतींची सर्वांत मोठी गर्दी मुंबई-नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, वीजही तिथे खात्रीची. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने धूर सोडीत, तिथे आता या मुक्या इमारती उभ्या राहत आहेत.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या मुलीने यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे? तिने कविता वाचावी, इतिहासाच्या सनावळ्या पाठ कराव्यात! पण मला या विषयात शिरणे भाग पडले, कारण आमच्या घरात दोन रात्रपाळ्या आहेत. एक माझ्या वडिलांची. शेतीच्या पंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, आणि ज्या आठवड्यात ती रात्रीची असते त्या आठवड्यात आबा रात्री बॅटरी घेऊन रानात जातात. डाळिंबाला पाणी सोडतात आणि उजाडताना परत येतात. ते घरी येईपर्यंत आईला झोप नसते. साप-किरडू, ओली तार, अंधारातला विहिरीचा काठ — शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे सांगायला नको.

दुसरी रात्रपाळी माझ्या मावसभावाची. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. आमच्या आधीच्या पिढीतली माणसे माथाडी होऊन मुंबईला गेली, पाठीवर पोती वाहिली. दादा आय.टी.आय.मधून एअर कंडिशनिंगचे काम शिकला आणि त्याच नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये लागला. पोत्याऐवजी त्याच्या वाट्याला आला गार वारा! सणाला गावी आला की मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडते. एकदा तो वैतागून म्हणाला, "अगं, काम्पुटर-बिम्पुटर मला काय कळत न्हाई. मोठी भट्टी हाय ती, अन् आम्ही तिला वारा घालणारी माणसं."

पुढे पुस्तके चाळली, लेख वाचले, तेव्हा लक्षात आले की दादाने शास्त्राचा एक नियमच सांगितला होता. सर्व्हर नावाच्या त्या यंत्रात जेवढी वीज जाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढून टाकली नाही तर यंत्र बंद पडते. म्हणजे यंत्र चालवायला वीज, आणि त्याने केलेली ऊब बाहेर काढायला पुन्हा वीज. हा दुसरा खर्च किती, हे मोजण्यासाठी 'द ग्रीन ग्रिड' या संस्थेने २००७ साली एक माप पुढे आणले. त्याला पी.यू.ई. म्हणतात. इमारतीत आलेल्या एकूण विजेला यंत्रांना मिळालेल्या विजेने भागायचे, की झाले. अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या पाहणीत २००७ साली हे माप सरासरी २.५ होते. म्हणजे रानात राबणाऱ्याला एक भाकरी आणि बांधावर बसणाऱ्याला दीड! २०२४ च्या पाहणीत ते १.५६ वर आले. गुगलने आपल्या केंद्रांचा २०२४ चा आकडा १.०९ सांगितला आहे. बांधावरच्याला तिथे आता भाकरीचा जेमतेम तुकडाच मिळतो.

हे कसे साधले? मला वाटले होते, काही तरी मोठा शोध लागला असणार. पण दादाच्या तोंडून जे ऐकले ते अगदीच घरगुती निघाले. यंत्रांची कपाटे समोरासमोर तोंडे करून ओळीने मांडतात. समोरच्या गल्लीत गार हवा सोडायची, मागच्या गल्लीतून तापलेली हवा ओढून घ्यायची, आणि दोन्ही हवांची गाठ पडू द्यायची नाही. कपाटात एखादा खण रिकामा असेल तर त्यातून गार हवा निसटते. म्हणून त्यावर झाकण बसवायचे. फरशीतून तारा जातात त्या भोकांना बुजवून टाकायचे. पंखे सदा एकाच वेगाने न फिरवता गरजेपुरते फिरवायचे. दादाची निम्मी रात्र अशी भोके शोधण्यात जाते. हे सगळे मी आबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आपल्यावानीच की. हितं पाट फुटतो, तितं वारा फुटतो." पाटाची फूट वेळीच बुजवली नाही तर मोटार रात्रभर चालूनही शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. पूर्वी या खोल्या इतक्या थंड ठेवीत की आत जाणारा माणूस स्वेटर घालून जाई. अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची 'ॲशरे' ही संस्था; तिने २००८ साली सांगितले की यंत्रात शिरणारी हवा १८ पासून २७ अंशांपर्यंत चालू शकते. यंत्राला माणसापेक्षा जास्त लाडावून ठेवण्याचे कारण नव्हते! एकेक अंश वर चढू दिला तसतशी वीज वाचत गेली.

थंड देशांनी तर निसर्गालाच कामाला लावले. फिनलंडमध्ये हामिना या गावी कागदाची एक जुनी गिरणी होती. गुगलने २००९ साली ती विकत घेतली आणि २०११ पासून तिथले डेटा सेंटर फिनलंडच्या आखातातले समुद्राचे पाणी फिरवून थंड ठेवले जाते. फेसबुकने २०१३ साली स्वीडनमधल्या लुलेओ येथे, उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ, आपले केंद्र उघडले. तिथे बाहेरची हवाच आत घेतात. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात डेटा सेंटरमधून निघणारी ऊब वाया न घालवता लोकांची घरे उबदार करायला देतात. वाचून हेवा वाटतो. पण मुंबईच्या दमट उकाड्यात कुठला बर्फाळ वारा आणि कुणाला हवी शेकोटी? तिथे दादाच्या हातातली झाकणेच कामाची. शिवाय जिथे पाणी उडवून हवा गार करतात तिथे वीज वाचते, पण पाणी जाते. आणि पाण्याची किंमत आम्हाला कुणी सांगावी!

मात्र सगळी काटकसर थंडाव्यातच दडलेली नाही. गुगलमधले दोन अभियंते, लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झले, यांनी २००७ साली एक दुखणे दाखवून दिले. सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या १० ते ५० टक्केच काम करतात; आणि काहीही न करता नुसते चालू असले तरी त्या वेळचे सर्व्हर पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज खात. हे वाचून मला आमचा गोठाच आठवला. नांगर नसला तरी बैलाला वैरण लागतेच! यावर आमच्याकडे जुना उपाय आहे, पैऱ्याचा. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची शेते एकाच जोडीने नांगरायची. डेटा सेंटरनेही तेच केले. एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकत्र चढवण्याची युक्ती रूढ झाली, रिकामी यंत्रे बंद करता आली, आणि नवी यंत्रे बसल्या जागी कमी वीज खाऊ लागली.

याचा परिणाम थक्क करणारा आहे. एरिक मॅसनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात हिशेब मांडला. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत जगातल्या डेटा सेंटरमधले काम साडेसहा पट झाले, पण विजेचा खप वाढला फक्त सुमारे ६ टक्के. एखाद्या घरात माणसे साडेसहा पट व्हावीत आणि धान्य तेवढेच पुरावे, तशी ही गोष्ट! त्या घरातल्या बाईचे गावाने नाव काढले असते. इथे ज्यांनी ती किमया केली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

तिसरी काटकसर वाटेवरची. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात एकाच ठिकाणी ठेवलेले पान साऱ्या जगाने मागितले की वाट तुंबे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९९५ साली हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो उचलला आणि १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली. कल्पना अशी की, जे पुन्हापुन्हा मागितले जाते त्याच्या प्रती गावोगावच्या यंत्रांत आधीच ठेवून द्यायच्या. मागणाऱ्याला त्या जवळून मिळतील, मूळ यंत्रावर भार येणार नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. गुरु-शिष्यांची ही जोडी फुटली, पण त्यांनी घालून दिलेली रीत आज सगळीकडे आहे.

माझ्या आजीला ही रीत समजावून सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत. प्रत्येक तांब्यासाठी विहिरीवर कोण जाते? दारात रांजण भरून ठेवतात! नेटफ्लिक्सने २०१२ साली जाहीर केलेल्या व्यवस्थेत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेत असे रांजणच बसवले आहेत, आणि वर्दळ कमी असते त्या वेळी ते भरून घेतात. आबा रात्रीच्या विजेवर शेततळे भरून घेतात, तोच हिशेब.

आणि रांजणात काय भरायचे, हाही प्रश्न आहेच. एखादे संकेतस्थळ उघडावे, हवे असते परीक्षेचे साधे वेळापत्रक, ओळी जेमतेम वीस. पण आधी सरकती चित्रे येतात, मग जाहिरात येते, मग एक व्हिडिओ आपोआप बोलू लागतो. मोजणाऱ्यांनी मोजले आहे की २०११ च्या सुमारास साधारण अर्धा एमबी असलेले मधल्या वजनाचे पान २०२४ मध्ये अडीच एमबीच्या पुढे गेले. चित्रे आटोपशीर ठेवली, नको ते काढले, तर तेच वेळापत्रक कितीतरी हलके होईल. ते आमच्या गावच्या अशक्त नेटवर्कवरही लवकर उघडेल. विजेची काटकसर आणि गरिबाची सोय इथे एकाच दारातून आत येतात.

मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडले गेले तेव्हा युरोपात आणि आपल्याकडेही व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी काही काळ चित्रांचा दर्जा उतरवला, कारण तारांवरचा भार वाढला होता. मी तेव्हा आठवीत होते. घरात एकच मोबाइल, त्यावर माझी शाळा. चित्र थोडे पुसट होते, पण बाईंचे गणित स्पष्ट ऐकू येत होते. तेव्हापासून मला वाटते, ज्ञानाला फार चकचकीत पडदा लागत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या विषयावर भडक बोलणारे पुष्कळ आहेत. फ्रान्समधल्या 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या संस्थेच्या हवाल्याने २०१९ साली एक आकडा जगभर फिरला. अर्धा तास व्हिडिओ पाहिला तर १.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे त्यात म्हटले होते. पुढे कळले की बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती आणि आकडा आठ पट फुगला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० साली केलेल्या हिशेबात तासाभराच्या व्हिडिओला सरासरी ०.०८ युनिटच्या आसपास वीज लागते असे निघाले. त्यातही बहुतेक वाटा आपल्या घरातल्या पडद्याचा, मोठ्या टीव्हीचा. डेटा सेंटरचा वाटा त्यात थोडा. तेव्हा कुणी मोबाइलवर व्याख्यान ऐकले म्हणून त्याला अपराधी ठरवू नये. शिकवणीची फी भरणे आमच्या घराला शक्य नव्हते. बारावीचे अर्थशास्त्र मी त्या ढगाकडूनच शिकले. घरातली कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि ती चढताना ज्या हातांचा आधार मिळाला त्यांत हा अदृश्य हातही आहे. त्याच्याशी मी कृतघ्न होणार नाही.

मग काळजी कशाची? थेंबाची नव्हे, तळ्याची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होऊन ९४,५०० कोटींच्या आसपास जाईल असा तिचा अंदाज आहे, आणि त्यामागे मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. साडेसहा पट काम आणि तेवढेच धान्य, ही किमया आता पुरी पडेनाशी झाली आहे.

असे का होते, ते आमच्या शिवाराने मला आधीच शिकवले होते. ठिबक आले तेव्हा पाणी वाचू लागले. वाचले म्हणून प्रत्येकाने आणखी एकेक एकर लावले. एप्रिल आला की विहिरी होत्या तशाच तळाला! पुढे कळले की विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाबद्दल हे लिहून ठेवले आहे. वाफेचे यंत्र काटकसरी झाले तशी यंत्रे वाढली आणि कोळसा अधिकच जळू लागला. म्हणजे नुसती भोके बुजवून भागत नाही. वाचलेले कुठे जाते, हेही पाहावे लागते.

मला वाटते, इथून पुढची काटकसर वेळेची आहे. गुगलने २०२० साली सांगितले की ज्या कामांना घाई नाही ती — व्हिडिओ तयार करून ठेवणे, भाषांतराच्या कोशात शब्दांची भर घालणे — दिवसाच्या ज्या तासांत वारा-सूर्याची वीज मुबलक असते त्या तासांकडे आम्ही सरकवतो. ही बातमी वाचताना मी थबकले. यंत्राची पाळी बदलता येते! तो निकाल लावणारे, पैसे पोचवणारे, दवाखान्याला लागणारे काम थांबवता येत नाही, हे खरेच. पण जे थांबू शकते त्याला थांबवणे जमते, हे तर सिद्ध झाले.

आबांच्या पंपाची वीज दादाच्या इमारतीने पळवली, असे मी म्हणत नाही. हिशेब इतका सरळ नाही. शेतकऱ्याला दिवसा सूर्याची वीज मिळावी म्हणून आपल्या राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, हेही मला ठाऊक आहे. पण आजवर विजेच्या वेळापत्रकात ज्याने वाट पाहायची तो नेहमी माणूस ठरला, तोही रानातला. यंत्र कधी वाट पाहू शकेल अशी कल्पनाच कुणी केली नव्हती. ती आता करता येते.

मित्रहो, आपल्यातले काही जण उद्या संकेतस्थळे बांधतील, काही नगरपालिकेत बसतील, काही दादासारखे हातात पाना घेऊन रात्र जागवतील. जो जिथे असेल तिथे त्याने दोन साधे प्रश्न विचारावेत. हे एवढे जड का आहे? आणि हे आत्ताच हवे आहे का? डेटा सेंटर उभारणाऱ्यांनाही आपण विचारावे की वीज किती घेणार, पाणी किती घेणार, आणि ते दरवर्षी लोकांना सांगणार का?

दादाने भोके बुजवत राहावीत. त्याचे पोट त्यावर आहे आणि ते काम चांगले आहे. पण ज्या कामाला घाई नाही ते यंत्राने उद्या दुपारच्या उन्हात करावे, आणि आबांनी रात्री घरी झोपावे. एवढा बदल या ढगाने केला, तर तो आमच्या माथ्यावर येऊन बरसला असे मी समजेन.